खो मिळेपर्यंत

सातारा, पौष महिना

छकुली,

तुझं पत्र पोचलं. हाताने लिहिलेलं पत्र, तेही चांगलं चार पानी, आणि अक्षर पहिल्या पानावर मोत्यासारखं असलं तरी चौथ्या पानापर्यंत येता येता धावायला लागलेलं. त्यातली तीन पानं तर नुसती यादीच आहे गं बाई! सुट्टी संपून शाळा उघडली की २६ जानेवारीचं संचलन, त्याच आठवड्यात कोरियाहून येणारी पाहुणी मुलं, मग रेल म्युझियमची सहल, मग हाउसच्या खो-खोच्या मॅचेस, मग नोव्हेंबरात राहून गेलेला स्पोर्ट्स डे, मग ॲन्युअल डेचं नाटक, मग वादविवाद, चित्रकला आणि क्विझ, आणि एवढं सगळं होईस्तोवर मार्च उजाडून दारात परीक्षा. खाली तू दोन रेघा मारून लिहिलंस, ‘आजी, मी सगळ्यात आहे!’ ते वाचून मला हसू आलं, अभिमानही वाटला, आणि नुसतं वाचूनच थोडी धाप लागली.

तुझी मला कसली काळजी नाही, हे आधीच सांगून ठेवते. तू कुणाची पेन्सिल घेतलीस तर परत देशील, हरलीस तर समोरच्या मुलीशी हात मिळवशील, धाकट्या भावाला डब्यातला लाडू ठेवशील, हे मला ठाऊक आहे. जीव घाबरतो तो फक्त तुझ्या घाईला. एका पायात मोजा, दुसरा हातात, तोंडात ब्रश आणि नजर घड्याळाकडे, अशी तू दिवाळीत इथे चार दिवस होतीस ना, तेव्हा मी मुकाट्याने बघत होते.

स्पोर्ट्स डे पुढे गेला म्हणून तू दोन दिवस रुसून बसली होतीस, असं तुझ्या आईने फोनवर सांगितलं. रुसणारच. जुलैपासून जिची तयारी केली ती शर्यत आठवड्यावर आलेली असताना कुणी ‘आता नाही’ म्हटलं तर मोठ्या माणसांचंही तोंड उतरतं. पण नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या मैदानी स्पर्धा हवा बरी असलेल्या महिन्यांत नेण्याचा विचार करा असं सुचवलं, आणि दिल्लीच्या आसपासच्या शाळांना आपले सामने पुढे ढकलावे लागले, ते काही तुमचा हिरमोड करायला नव्हे. तुमच्याकडे थंडी पडली की जमिनीलगतची हवा गार होऊन खालीच बसते, वर मात्र ऊबदार हवेचा थर राहतो, वारा पडलेला असतो, आणि पातेल्यावर झाकण ठेवावं तसा गाड्यांचा धूर, बांधकामांची धूळ, पंजाब-हरियाणाकडे जळणाऱ्या परालीचा, म्हणजे भाताच्या काडाचा धूर, सगळं आतल्या आत कोंडतं. तुझ्या बाबांच्या मोबाइलवर हवेच्या प्रदूषणाचा आकडा चारशेच्या वर गेला की त्याला ‘गंभीर’ म्हणतात. धावताना माणूस कितीतरी जास्त हवा आत ओढतो, आणि दम लागला की तोंडाने ओढतो, म्हणजे नाकात जे थोडंफार गाळून निघतं तेही निघत नाही. तुझी फुप्फुसं अजून वाढीला लागलेली आहेत. शर्यत फेब्रुवारीतही तेवढ्याच मीटरची असेल.

आता एक नवलाची गोष्ट सांगते. १९८२ चं एशियाड तुमच्या याच दिल्लीत झालं, आणि कोणत्या दिवसांत म्हणशील, तर १९ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर! आम्ही तेव्हा सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो, तुझे बाबा कडेवरचे होते, आणि जिकडे तिकडे त्या अप्पू हत्तीची चित्रं. रंगीत टीव्ही नुकताच आला होता आणि आमच्या सगळ्या ओळीत तो एकाच घरी होता. त्या बिचाऱ्यांच्या बैठकीत पाय ठेवायला जागा नसे. पी. टी. उषा शंभर मीटरला दुसरी आली, दोनशेलाही दुसरी आली, आणि आम्ही बायका अशा ओरडलो की तुझे बाबा दचकून रडायला लागले. त्या दिवसांत दुपारी मैदानावर बसायचं म्हणजे सुख होतं, अंगावर कोवळं ऊन घेत शेंगा सोलत बसावं असं. आज त्याच पंधरवड्यात तुम्हा मुलांना आत बसा म्हणायची वेळ येते. हे काही तुमच्या पिढीने केलेलं नाही, एवढं मला कळतं, आणि म्हणूनच तुझ्या रुसण्याचा मला राग आला नाही.

त्या एशियाडसाठी बांधलेलं इंदिरा गांधी इनडोअर स्टेडियम तू बाहेरून पाहिलं असशील. २०२५ च्या जानेवारीत तिथेच खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, १३ ते १९ तारखेपर्यंत. तू तेव्हा तापाने झोपली होतीस आणि ‘आजी, तू बघ आणि मला सांग’ म्हणाली होतीस. मी रोज संध्याकाळी दिवा लावून टीव्हीसमोर बसायची. काय सांगू तुला! ज्या खेळाचे नियम विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर बसून लिहिले गेले, जो आम्ही परकर खोचून शाळेमागच्या मातीत खेळलो, त्या खेळात ब्राझील आणि पेरूची मुलं चवड्यांवर बसून ‘खो’ ओरडत होती. अंतिम सामन्यात आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० ने हरवलं, मुलांनीही नेपाळलाच ५४-३६ ने, आणि दोन्ही संघांचे कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. शेजारच्या वहिनींना बोलावून मी साखर वाटली. पेढे आणायला बाहेर पडायचं होतं, पण गुडघा म्हणाला, साखरेवर भागव.

तू लिहिलंस की हाउसच्या संघात घेतलंय खरं, पण बसायला सहावा चौकोन मिळतो आणि तिथे खो फारसा येतच नाही, नुसतं बसून पाय भरून येतात. अगं, मीही मधल्या चौकोनांतली, तेव्हा माझं ऐक. बसलेली खेळाडू मोकळी असते असं बघणाऱ्यांना वाटतं. ती चवड्यांवर असते, एक पाय जरा मागे रोवलेला, बोटांची टोकं जमिनीला टेकलेली, पाठ ताठ. मान न वळवता नुसत्या डोळ्यांनी तिला पळणारी दिसत असते. शेजारची विरुद्ध दिशेला तोंड करून बसलेली, म्हणजे अर्धं मैदान तुझं आणि अर्धं तिचं, आणि पाठीमागे काय चाललंय ते पावलांच्या आवाजावरून ओळखायचं. पळणारी साखळी करत येते, ह्या दोघींच्या मधून, त्या दोघींच्या मधून, तिचा ठेका एकदा कानात बसला की ती तुझ्याजवळ कधी पोचेल हे आधीच कळायला लागतं. आणि नेमकं तेव्हाच पाय शिवशिवतात! ती हातभर अंतरावर आलेली असते, आपल्या हाउसच्या मुली कडेने ओरडत असतात, वाटतं उठावं आणि धरावं. पण पाठीवर हात पडला नाही, खो ऐकू आला नाही, तर उठायचं नाही. आधी उठलीस की पंचाची शिट्टी, फाउल, जमत आलेला पाठलाग विस्कटला, आणि दमलेल्या पळणारीला फुकटचा श्वास मिळाला.

दुसरी गोष्ट, एकदा उठून दिशा धरली की खुंटापर्यंत मागे वळायचं नाही, हे तुला सर शिकवतीलच. म्हणून उठतानाचं पहिलं पाऊल डोकं ठिकाणावर ठेवून टाकावं लागतं. आमच्या शाळेत एक मुलगी होती, वाऱ्याहून चपळ, पण दर डावात दोनदा तरी चुकीच्या बाजूला निघायची आणि मग रडकुंडीला येऊन खुंटाकडे धावत सुटायची. आमच्या बाई तिला रागावत नसत. तिला डावाआधी कडेला बसवून दोन मिनिटं नुसती पळणाऱ्यांची पावलं मोजायला लावत. पुढे ती तालुक्यात पहिली आली की नाही ते मला आठवत नाही, पण चुकीच्या बाजूला जाणं थांबलं.

सरावाचं म्हणशील तर पहाटेला पर्याय नाही. म्हणजे पहाटे मैदानावर जा असं मी म्हणत नाही हं, दिल्लीच्या पौषात तर नाहीच. धुक्यात शाळेची बस दिसायची मारामार. पण बसच्या तासभर आधी उठावं. सरोजिनी नगरात असताना मी अंधारात दिल्ली मिल्क स्कीमच्या बूथवर दुधाच्या रांगेत उभी राहायची, हातात टोकन, पिशवीत रिकाम्या काचेच्या बाटल्या, अंगावर तुझ्या आजोबांचा जुना कोट. नव्या बाटलीवर रंगीत पन्नीचं झाकण असे, ते मी धुऊन ठेवायची, संक्रांतीच्या वाणाला त्यांची फुलं होत. घरी येऊन दूध तापेपर्यंत सगळं घर झोपलेलं, आणि तो वेळ माझा एकटीचा. त्या वेळात मी कितीतरी पुस्तकं वाचली, पत्रं लिहिली, कधी काहीच न करता खिडकीशी बसले. तू उठलीस की लगेच मोबाइल बघू नकोस. कोमट पाणी पी, खोलीतल्या खोलीत चवड्यांवर बसायचा सराव कर, अंथरूण घडी कर, मग दोन्ही मोजे घालायला पुष्कळ वेळ उरतो.

पाहुण्यांबद्दल तू विचारलंस, आपल्या घरी दोन रात्री राहणाऱ्या कोरियन मुलीला काय काय दाखवू. तुझी यादी वाचली. लाल किल्ला, कुतुबमिनार, दिल्ली हाट, मॉल, मेट्रो, सगळं एका रविवारी! अगं, ती बिचारी विमानातून उतरून आलेली असेल, तिची झोप अजून तिकडच्या घड्याळाने चाललेली असेल. एकच जागा दाखव, आणि उरलेला वेळ तिला घरात राहू दे. तिच्याकडेही चपला दाराशी काढून आत येतात, तेव्हा तिथेच तुमची पहिली ओळख होईल. आईला सांग, भाजी कमी तिखट कर पण बेचव करू नको, आणि पोळी लाटायला तिला बसव. वेडीवाकडी झाली तर तीच तिच्या पानात वाढ, बघ किती हसते. तिला प्रश्न विचारलास की उत्तरासाठी थांब. परक्या भाषेत शब्द जुळवायला वेळ लागतो, आणि आपण मध्येच ‘म्हणजे असं का?’ म्हटलं की समोरचं माणूस ‘हो’ म्हणून मोकळं होतं. सगळ्यांत छान म्हणजे मधल्या सुट्टीत त्या मुलांना खो-खो शिकवा. दक्षिण कोरियाच्या मुली विश्वचषकात आल्या होत्या आणि आपल्या मुलींशी पहिल्याच सामन्यात १७५-१८ ने हरल्या होत्या, तरी काय हौसेने खेळल्या! मला तर त्यांचंच कौतुक वाटत होतं. अर्थात हा आकडा पाहुणीला पहिल्या दिवशी सांगू नकोस, जाताना सांग.

रेल म्युझियमला गेलीस की पटियाळ्याची मोनोरेल शोध. चाणक्यपुरीतलं ते म्युझियम १९७७ साली उघडलं, आणि तुझ्या बाबांना आम्ही इतक्यांदा तिथे नेलं की त्यांना इंजिनांची नावं आपल्या मावश्यांच्या नावांआधी पाठ झाली. ती मोनोरेल गंमतीची आहे. एकाच रुळावर चालायची, आणि तोल जाऊ नये म्हणून बाजूला एक मोठं चाक, ते साध्या रस्त्यावरून फिरायचं. पटियाळा संस्थानात १९०७ पासून वीस वर्षं ती चालली. आधी तर डबे खेचरं ओढत. इंजिन बर्लिनच्या कंपनीने बनवलेलं. तिच्यासमोर उभी राहून ते चाक आणि तो रूळ नीट बघ, भार कशावर आहे ते स्वतः शोधून काढ आणि मला चित्र काढून पाठव. बाकीची इंजिनं राहिली तरी चालतील. मुलं फोटो काढून पुढे पळतील, त्यांना पळू दे.

ॲन्युअल डेच्या कपड्यांचं मात्र मला पटलं नाही. एका संध्याकाळच्या राणीच्या वेषासाठी एवढं भाडं? माझी जांभळी पैठणी तुझ्या आईकडे आहे, तिचा पदर तुला दुपट्टा म्हणून घेता येईल, आणि मुकुट पुठ्ठ्याचा कर, वर पन्नी. बूटही आत्ताच नवे मागू नकोस. कॅनव्हासचे आहेत ना, ते धुऊन उन्हात वाळव. तळ झिजून पाय घसरायला लागला तर मात्र लगेच सांग, तिथे काटकसर करायची नाही. वाचलेले पैसे कशाला ठेवायचे ते तूच ठरव. मागच्या वर्षी तू डब्यात साठवून भावाला वाढदिवसाला चेंडू आणलास, हे मी अजून फुलवाल्यालासुद्धा सांगते.

तुला वाटेल, आजी सगळं सोडायलाच सांगते आहे. सोडू नकोस. खो-खो, शर्यत आणि पाहुणी, एवढं मनापासून कर. नाटकात तुझी दोनच वाक्यं आहेत, ती पाठ आहेतच. संचलनात ओळीत चालायचं, ते तुला जमतं. वादविवाद, चित्रकला आणि ती क्विझ, ही यादीतली शेवटची तीन नावं पुढच्या वर्षी राहू दे. बाईंना स्वतः जाऊन सांग, त्या रागावणार नाहीत, तुझी जागा मिळण्याची वाट बघणारी एखादी मुलगी असेलच.

आपल्या जिल्ह्यात, कराडजवळच्या गोळेश्वरला खाशाबा जाधव म्हणून पैलवान होते. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले, जन्मभर मातीत कुस्ती केलेली, तिथे मॅटवर उभं राहावं लागलं, सहावे आले. परत येऊन चार वर्षं घाम गाळला आणि १९५२ ला हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताला एकट्या खेळाडूने मिळवून दिलेलं ते पहिलं ऑलिंपिक पदक. आणि आपल्या साताऱ्याची अदिती स्वामी, २०२३ ला बर्लिनमध्ये कंपाउंड धनुर्विद्येत जगज्जेती झाली तेव्हा अवघी सतरा वर्षांची होती. वयाने लहानच गं, पण तिच्या वयाच्या मुली सिनेमाला जात तेव्हा ही त्याच लक्ष्यासमोर तोच बाण पुन्हा पुन्हा लावत असणार. दिवाळीत येशील तेव्हा तुला धनुष्यबाणाचा सराव चालतो ते मैदान दाखवीन, रिक्षाने जाऊ.

खो-खोच्या मॅचेस आणि स्पोर्ट्स डे, दोन्हींच्या तारखा पक्क्या झाल्या की त्याच दिवशी कळव. आता रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, आणि गोवा एक्सप्रेसमध्ये मला खालचा बर्थ हवा. साताऱ्याला गाडीत बसलं की थेट निजामुद्दीन, मध्ये कुठे बदलायची भानगड नाही. डबा, पाण्याची बाटली, आणि तुझ्या भावासाठी कंदी पेढे घेऊन मी येते. मला पुढच्या रांगेतली खुर्ची धरू नकोस, आजी-आजोबांना शाळा बसवते तिथेच बसेन; फक्त सहावा चौकोन दिसेल अशा बाजूला बसव. आईबाबांना आशीर्वाद, धाकट्याला एक पापा.

तुझी,
आजी

ता. क. सोबत तिळगुळ पाठवला आहे. वरचा थर घरच्यांना, खालचा तुझ्या संघातल्या मुलींना, सगळ्यांना पुरेल असा मोजून भरलाय. डबा मात्र बाबांच्या हाती परत पाठव, इतकं घट्ट झाकण हल्ली कुठल्या डब्याला नसतं.